प्रोफेसर चौबळ आणि आबांचं इंजिन

प्रोफेसर चौबळांनी आमच्या दिवेआगरात आल्या आल्या पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर लग्नाचं वऱ्हाड अडवलं.

पुढे ताशा आणि सनई, मध्ये बैलगाडीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, मागे ठेवणीतल्या लुगड्यांची सळसळ, अशी मंडळी वरच्या आळीकडे निघाली होती. देवळाच्या वळणावर एक माणूस दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोला हॅट, एका बुटाला नाडी आणि दुसऱ्या बुटाला नाडीच्या जागी तांब्याची तार.

"थांबा!" तो ओरडला. "कुणी पाऊल उचलू नका. बैलांनाही सांगा."

ताशा थांबला. सनईवाल्यानं गाल फुगवलेले तसेच ठेवले. बायकांना वाटलं, रस्त्यात नाग आहे, म्हणून त्यांनी पोरं उचलून कडेवर घेतली. नवरदेवाचे काका तेवढे पुढे आले. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे वाडीवाले, नारळी-पोफळींच्या बागांचे मालक. त्यांचं आडनाव सांगत नाही. गावातली निम्मी घरं त्या आडनावाची आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचं त्यांच्याशी भांडण आहे.

"काय चाललंय?" आबांनी विचारलं.

"ऐकतोय," तो माणूस कुजबुजला.

"काय ऐकताय?"

"पृथ्वी."

आबांनी आधी पृथ्वीकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. "अहो, मुहूर्त टळेल आमचा!"

"कशावरून?" तो माणूस म्हणाला.

आता, लग्नघरच्या वडीलधाऱ्याला भर रस्त्यात "कशावरून" विचारणं म्हणजे मारामारीचं आमंत्रण. पण त्यानं ते इतक्या निर्मळ कुतूहलानं विचारलं की आबांना राग यायच्या आधी घड्याळ बघावंसं वाटलं. तेवढ्यात लांबून ठण्णकन घणाचा आवाज आला. रस्त्यालगत मांडलेल्या एका पेटीतला काटा थरथरला. त्या माणसानं तो बघितला, समाधानानं मान डोलावली आणि गाडीपाशी जाऊन नवरदेवाचा हात हातात घेतला.

"तुमच्या पायाखाली वाळू आहे, पण वाळूखाली पक्का कातळ आहे," तो म्हणाला. "पाया चांगला आहे. संसार सुखाचा होईल. जा आता."

मुहूर्त साधला. त्या जोडप्याचा संसारही चांगला झाला. पुढे गावात कुठलंही लग्न असलं की नवरदेव हळूच विचारायचा, "प्रोफेसर आलेत का? आमच्या खालचं जरा बघायला सांगा." आबांनी मात्र ते अडवणं कधी माफ केलं नाही.

लांबून घण मारणारा इसम मी होतो. मी गावच्या शाळेत मास्तर. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मुंबईच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातले प्रोफेसर सुट्टीत संशोधनाला येणार आहेत, त्यांना राहायला जागा हवी, असं कुणीतरी सुचवलं आणि मी माझी ओटीवरची खोली त्यांना देऊ केली. खोलीबरोबर मीही दिला गेलो, हे घण हातात आल्यावर कळलं.

ते मुंबईहून आगबोटीनं श्रीवर्धनला उतरत आणि तिथून मिळेल त्या वाहनानं दिवेआगर गाठत. त्यांच्या दोन यंत्रांच्या पेट्या गोधडीत गुंडाळलेल्या असायच्या आणि ते स्वतः पातळ चादरीत. बोट लागून ते हिरवेगार झालेले असायचे, पण उतरल्यावर पहिला प्रश्न, "पेटीला लागली नाही ना?" एक यंत्र ऐकायचं आणि एक टोचायचं, अशी माझ्या बायकोनं, सुमतीनं, त्यांची सोपी वाटणी केली होती. ऐकायच्या यंत्रानं घणाचा आवाज जमिनीखालून किती वेगानं जातो ते समजे. टोचायच्या यंत्राला लोखंडी पहारी होत्या. त्या एका रांगेत जमिनीत ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या आणि बॅटरीची वीज जमिनीतून सोडायची.

"गोड्या पाण्यातून वीज कुरकुरत जाते," प्रोफेसर समजावायचे, "आणि खाऱ्या पाण्यातून पळत सुटते. वीज किती कुरकुरली ते मोजायचं. मग वरूनच कळतं, खाली कोण राहतंय."

गावाला ते कळलं नाही, पण पटलं. कारण आमच्याकडेही कोण किती कुरकुरतो यावरूनच माणसाची पारख होते.

कोळीवाड्यातली चांगुणाबाई मासळीची पाटी घेऊन आमच्या दारावरून जायची. आमच्या घरी मासळी शिजत नसल्यामुळे ती फक्त बोलायला थांबायची. पहिल्या दिवशी अंगणात चाललेला तो प्रकार तिनं कंबरेवर हात ठेवून बघितला.

"मास्तर, तुमचा पावना जमिनीला सुया टोचतोय त्या कशापायी? तिला ताप हाय का?"

मी उत्तर देणार इतक्यात प्रोफेसर उठून उभेच राहिले. "वा! बाई, तुम्ही पहिल्या आहात, ज्यांनी बरोबर प्रश्न विचारला. ताप नाही. पण खारं पाणी अंगावर चढतंय की काय, ते बघतोय."

"मंग जपून टोचा," चांगुणा म्हणाली, "म्हातारी हाय ती."

त्या दिवसापासून प्रोफेसरांना कोळीवाड्यातल्या जमिनीत फार रस वाटू लागला. विशेष म्हणजे तिथलं माप नेमकं जेवणाच्या वेळेलाच घ्यावं लागे. परत आले की बोटांना बांगड्याच्या कालवणाचा वास यायचा आणि सुमती पानं मांडायला लागली की म्हणायचे, "वहिनी, आज भूक नाही."

"कशावरून?" सुमती विचारायची.

हा शब्द तिनं त्यांच्याकडूनच उचलला होता. आमच्या घरात त्या शब्दानं उच्छाद मांडला होता. उकडतंय म्हटलं, कशावरून? गाडी चुकली, कशावरून? एकदा सुमती सहज म्हणाली, "ताक आंबट झालंय." प्रोफेसर म्हणाले, "कशावरून?" तिनं वाडगाभर ताक समोर ठेवलं आणि ते संपेपर्यंत पदर खोचून उभी राहिली. संपल्यावर प्रोफेसरांनी तोंड वाकडं केलं, पण न्यायानं वागले. "पुरावा सबळ आहे," म्हणाले.

त्यांच्या कॉलेजात बाकीचे प्रोफेसर पूल आणि धरणं शिकवायचे. यांच्याच डोक्यात जमिनीखालचं खूळ कसं शिरलं, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, सगळे इंजिनियर जमिनीवर काय उभं करायचं त्याचा विचार करतात. जमिनीची संमती कुणीतरी घ्यायला नको?"

तेल शोधणाऱ्या एका खात्यानंही त्यांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. "तेल सापडलं की साहेब येतात, पाणी सापडलं की बायका हंडे घेऊन येतात. मला साहेबांशी बोलता येत नाही," असं त्यांचं कारण. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या गावात पोचला नव्हता. प्रोफेसर त्याला शेजार म्हणायचे. झाडाचा शेजार, पाण्याचा शेजार, वाऱ्याचा शेजार. वर्गात मुलांपुढे बोलायला मी त्यांना एकदा नेलं, तर फळ्यावर त्यांनी समुद्र काढला, वाडी काढली, आणि मुलांना म्हणाले, "हे दोघे शेजारी आहेत. यांचं भांडण लागू द्यायचं नाही. एवढाच माझा विषय. बाकी सगळी गणितं."

घरच्यांबद्दल मात्र ते बोलत नसत. सुमतीनं लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "राहून गेलं, वहिनी. माप घ्यायला गेलो होतो, तेवढ्यात मुलीनं दुसरीकडे होकार दिला." आम्ही हसलो. तेही हसले आणि पहारी पुसायला लागले.

अशा दोन-तीन सुट्ट्या मजेत गेल्या. मग आबांनी इंजिन आणलं.

तोपर्यंत वाड्यांना पाणी रहाटानं मिळायचं. बैल संथपणे फिरायचा, रहाट करकरायचा, पोहरे वर यायचे आणि पन्हळीतून पाणी पोफळींच्या मुळाशी जायचं. आबांचं तेलावर चालणारं इंजिन पडावातून किनाऱ्यावर उतरलं तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला होता. आबांनी नारळ फोडला, हँडल फिरवलं आणि फट् फट् फट् करत ते सुरू झालं. पाण्याचा असा मांडीएवढा लोट बाहेर पडला की बघ्यांच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं. आबांनी सगळ्यांकडे असं बघितलं जणू पाणी त्यांच्याच पोटातून येतंय.

प्रोफेसर लोटाकडे बघतच नव्हते. ते विहिरीत वाकून खाली जाणारी पातळी बघत होते.

"आबा," ते म्हणाले, "किती वेळ चालवणार हे?"

"दिवसभर. का? बैलाला भूक लागते, याला लागत नाही."

"मग समुद्र येईल."

"कुठे?"

"इथे. खालून."

आबा हसले, आणि आबा हसले म्हणून सगळे हसले. प्रोफेसरांनी तिथल्या तिथे वाळूत बोटानं चित्र काढलं. "आपल्या वाडीखाली वाळू आहे. वाळूत खाली समुद्राचं खारं पाणी आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी. दुधावर साय तरंगते ना, तसं. तुमचा बैल साय हलक्या हातानं काढत होता. हे इंजिन पातेलं ढवळणार."

"प्रोफेसर," आबा म्हणाले, "आमच्या सात पिढ्या या वाडीत गेल्या. मुंबईच्या नळाचं पाणी पिणाऱ्यानं आम्हाला विहीर शिकवू नये."

"शिकवत नाही. मोजून सांगतोय."

"मग मोजत बसा!" आणि आबांनी हँडलला हात घातला. पुढचं बोलणं फटफटीत बुडालं.

पुढच्या सुट्टीपर्यंत आबांची वाडी हिरवीगार झाली होती. पण त्या वाडीच्या कडेला, कोळीवाड्याच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. सगळा कोळीवाडा पिण्याचं पाणी तिथून भरायचा. एका सकाळी चांगुणा डोक्यावर हंडा घेऊन आबांच्या अंगणात आली आणि तो तिनं पायरीवर दाणकन ठेवला. प्रोफेसर आणि मी समोरच्या रस्त्यावर तार गुंडाळत होतो.

"आबानू, ह्यात डाळ शिजत न्हाय," ती म्हणाली. "पोरं पानी थुकून टाकतात. आमी दर्यातून येतो ते तोंड खारट घेऊन, घरी आल्यावं तरी गोडं मिळायला नको?"

आबांनी हंड्याकडे बघितलं, मग रस्त्यावर आमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

"मला काय विचारतेस? त्याला विचार! जमिनीत वीज कोण सोडतंय? मी की तो? विजेनं पाणी नासलं!"

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. आणि खरं सांगायचं तर लोकांना ती पटली. इंजिन डोळ्यांना दिसत होतं, पाणी देत होतं. वीज जमिनीत शिरायची आणि काही द्यायची नाही. संध्याकाळी देवळात बैठक बसली. कुणी म्हणालं, कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. कुणी म्हणालं, पोफळीची फुलं गळताहेत. एक जण तर म्हणाला, त्याच्या सासऱ्याचं संधिवाताचं दुखणं प्रोफेसर आल्यापासून वाढलंय. "यंत्र उचला आणि चालते व्हा" इथपर्यंत गोष्ट आली. सुमती बायकांत बसली होती, ती रडायच्या बेतात.

प्रोफेसर उठले. मला वाटलं, आता भांडणार. पाहतो तर माणूस खूश!

"आबांनी फार चांगला मुद्दा काढलाय," ते म्हणाले. "आजवर कुणी माझ्या कामावर शंका घेतली नव्हती. पाणी माझ्या विजेनं बिघडलं असेल की इंजिननं? तपासायला हवं. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, म्हणजे खरं काय ते कळेल. आबा, तुम्ही वर्षभर इंजिन बंद ठेवता?"

"मुळीच नाही!"

"ठीक. मग मी बंद ठेवतो. पुढच्या सुट्टीत मी येणार नाही. तारेचा एक तुकडाही या गावात आणणार नाही. पाणी सुधारलं, तर दोष माझा. मग मी आबांच्या पाया पडेन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

एवढा मोठा माणूस इतक्या सहज हरायला तयार होतो, याची आमच्या गावाला सवय नव्हती. परत येताना मी म्हटलं, "सर, तुमचं काम मध्येच तुटेल. एवढ्या वर्षांची मापं!"

"तुटेल," ते म्हणाले. आणि थोडं चालून झाल्यावर, "पण मास्तर, चांगुणाबाईनंही माझ्याकडे तशी नजर टाकली हो बैठकीत. ते फार लागलं."

ते वर्ष कसं गेलं ते मला आठवतं. मे महिना आला आणि ओटीवरची खोली रिकामी. देवळाच्या वळणावरून वऱ्हाडं बिनअडथळा गेली आणि कुणालाच मजा आली नाही. सुमतीनं एकदा सवयीनं त्यांचं पान मांडलं. चांगुणा दारावरून जाताना म्हणाली, "बाय, तुमच्या पावन्याबिगर मुलुख गपगार झालाय." इंजिन मात्र दिवसभर फटफटत होतं. आणि विहिरीचं पाणी? हंडा घासायलासुद्धा घ्यावंसं वाटू नये, इतकं बिघडलं. कोळणी आता पार वरच्या आळीपर्यंत चालत यायला लागल्या. आबांच्या स्वतःच्या पोफळींच्या झावळ्यांची टोकं करपल्यासारखी तांबडी झाली. आबा म्हणायचे, ऊन फार आहे.

पुढच्या सुट्टीत प्रोफेसर आले. पेटी उघडायच्या आधी देवळात पुन्हा सगळे जमले. चांगुणानं हंडा आणला होता. तिनं तांब्या बुडवला, भांडं भरलं आणि ते आबांच्या पुढे धरलं.

"ह्यो पावना व्हता का हितं वरीसभर? न्हाय. मंग चाखा."

सगळा गाव आबांकडे बघत होता. आबांनी भांडं तोंडाला लावलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, थांबली, पुन्हा खाली आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण माणूस मोठा मानी. एक थेंब न सांडता सगळं भांडं संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "खारट नाही. आपल्याला सवय नाही, इतकंच."

कुणीतरी फिसकन हसलं. आता चौबळ त्यांचं प्रसिद्ध "कशावरून" विचारणार आणि आबांची सालटी निघणार, अशी सगळ्यांनी तयारी ठेवली. प्रोफेसर मात्र पुढे झाले आणि म्हणाले, "आबांना प्रवासाला जायचंय ना दुपारी? मंडळी, त्यांना मोकळं करा. बाकीचं आपण नंतर बघू." आबांना कुठल्याही प्रवासाला जायचं नव्हतं. पण ते उठले आणि झपझप निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात एक वेगळीच शांतता होती. फटफट नव्हती. मी मुद्दाम त्या बाजूनं गेलो, तर आबा इंजिनाजवळ उभे.

"पट्टा तुटलाय," मी न विचारताच ते म्हणाले.

पट्टा मला चांगला धडधाकट दिसत होता. पण तो तुटलेलाच राहिला. आठवडाभरानं आबांच्या वाडीतून पुन्हा रहाटाची करकर ऐकू आली. पुढे ते इंजिन चालवायचे, नाही असं नाही. पण सकाळी थोडा वेळ, आणि प्रोफेसरांनी माझ्यामार्फत कळवलेल्या बेतानं. थेट बोलायचं दोघांनी टाळलं. "त्या मास्तरला विचार, त्याचा तो वेडा काय म्हणतोय," असा आबांकडून निरोप यायचा आणि "आबासाहेबांना नमस्कार सांगा," असं उत्तर जायचं. दोन पावसाळे चांगले गेले, आणि कोळीवाड्याच्या विहिरीचं पाणी हळूहळू परत पिण्याजोगं झालं.

विहिरीचा पहिला गोडा हंडा भरला त्या दिवशी चांगुणानं प्रोफेसरांना ओवाळलं. "जितलात तुमी," म्हणाली.

"कशावरून? पाऊसही चांगला होता, बाई. आणि आबांचा पट्टा तुटला हे विसरू नका."

त्यानंतर दोघांची भांडणं सुरू झाली ती थेट, समोरासमोर. आबांच्या ओटीवर. विषय कुठलाही. पोफळीला खत कुठलं, श्रीवर्धनची सुपारी चांगली की आपली, माणूस चंद्रावर जाईल की नाही. आबा म्हणायचे नाही, प्रोफेसर विचारायचे कशावरून, आबा पानाचा डबा आपटायचे. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, आतून चहा पाठवायच्या. चहाचे कप वाढले की समजायचं, भांडण रंगलंय.

अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या. मापं घेऊन घेऊन आमच्या गावाच्या पोटातलं एकूण एक प्रोफेसरांना माहीत झालं होतं. तरी दर वर्षी "थोडं राहिलंय" म्हणून ते यायचेच.

मग एका वर्षी ते भलत्याच वेळी आले. पावसाळा नुकताच संपला होता. कॉलेजला सुट्टी नव्हती. दुपारच्या एसटीतून उतरून ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा हातात एक पिशवी आणि काखेत वळकटी. पेट्या नव्हत्या.

"यंत्रं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कॉलेजची होती, कॉलेजनं ठेवून घेतली. मला नारळ दिला," ते हसून म्हणाले. "अगदी खरोखरचा नारळ, मास्तर. शाल आणि नारळ. निवृत्त झालो."

नेमकी माझी मुलगी बाळंतपणाला आली होती आणि ओटीवरची खोली तिला दिलेली. खोलीतून पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. प्रोफेसरांच्या ते लगेच लक्षात आलं. आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाले, "नाही नाही, मी काही राहायला आलो नाही. सहज आलो. उद्या सकाळच्या गाडीनं परत."

सुमतीनं त्यांना ओटीवर बसवून चहा दिला. "मुंबईला काय गडबड आहे एवढी? कोण आहे वाट बघायला?"

प्रोफेसर चहात बघत राहिले. "तसं कुणी नाही, वहिनी. दादरला एक खोली घेतलीय. चांगली आहे. सकाळी उठतो, दाढी करतो, बूट चढवतो. आणि मग लक्षात येतं की कुठे जायचं नाहीये." ते हसले. "मग बूट काढतो. काल म्हटलं, काढायला नकोत. गाडीतच बसू."

सुमती कप घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मागच्या दारानं ती काकूंकडे गेली होती, हे मला मागाहून कळलं.

उन्हं कलली तेव्हा आमच्या फाटकाशी काठीचा आवाज आला. आबा. त्यांना आता गुडघ्यांनी धरलं होतं. इतक्या वर्षांत ते कधी माझ्या ओटीवर चढले नव्हते. मोठ्या वाडीवाल्यानं मास्तराकडे जायची रीत नव्हती. पायरीवर उभे राहूनच त्यांनी सुरुवात केली.

"काय हो, उद्या निघालात म्हणे?"

"हो. सहजच आलो होतो."

"सहज कसं चालेल? मला वाडीत नवी विहीर पाडायचीय. जागा कोण दाखवणार?"

प्रोफेसर चकित झाले. "आबा, तुमच्याकडे तीन विहिरी आहेत. तिन्ही भरलेल्या."

"चौथी पाडायचीय."

"कशाला?"

"वाडी माझी, विहीर माझी. कशाला म्हणून विचारणारे तुम्ही कोण?"

"पण माझ्याकडे यंत्र नाही, आबा. आता येणारही नाही."

"यंत्र नव्हतं तेव्हा आमच्या आज्यानं विहिरी पाडल्याच की. हिंडा वाडीत. बघा. माती हातात घ्या. वेळ लागला तर लागू दे." आबांनी तोंड फिरवलं आणि समोरच्या फणसाशी बोलावं तसं म्हणाले, "घाई नाही."

प्रोफेसरांनी चष्मा काढला. रुमाल सापडेना, तेव्हा सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत बसले. आत माझा नातू रडायला लागला.

"हिनं माडीवरची खोली झाडून घेतलीय," आबा मान न वळवता म्हणाले. "गादी घातलीय. आमच्याकडे मासळी मिळणार नाही, आधीच सांगतो. ती खायला जायचं तिकडे जा, पण आंघोळ करून माडी चढायची. चला."

प्रोफेसर उठले. वळकटी घ्यायला वाकले, तर आबांनी काठीनं ती माझ्याकडे ढकलली. "मास्तर आणील. तुम्ही माझा हात धरा. उतरताना गुडघा दगा देतो."

दोघे फाटकातून बाहेर पडले. आबांचा हात प्रोफेसरांच्या हातात होता. कोण कुणाला सांभाळत होतं, ते मागून चालताना मला काही सांगता आलं नसतं.

ती विहीर कधी पाडली गेली नाही. पण शाळेत जाताना मला रोज सकाळी ते दोघे पोफळींमध्ये दिसायचे. आबा काठीनं जमिनीवर टोचायचे.

"इथं?"

प्रोफेसर खाली वाकायचे, मूठभर माती उचलायचे, बोटांमधून सोडायचे, इकडेतिकडे बघायचे आणि बराच विचार करायचे.

"इथं नको," म्हणायचे. "त्या पलीकडच्या रांगेत उद्या बघू."

"उद्या तर उद्या," आबा म्हणायचे, आणि दोघे चहाला वळायचे.